सभासदांची यादी कोणाच्या मालकीची?

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ अन्वये न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विकता येत नाही. सभासदांची यादी मात्र हल्ली अनेक संस्थांत चिटणिसाच्या खासगी मोबाईलमध्ये असते. पद सुटले तरी ती परत येतेच असे नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने हिशेबाच्या वह्यांबरोबर सभासदांची यादीही प्रत्येक सभासदास तपासण्यासाठी खुली केली, ती उगीच नव्हे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने यादी बाळगणाराच संस्थेतील निवडणूक हाकतो. तेव्हा यादी संस्थेच्याच नावे ठेवावी. चिटणीस बदलताच (जुन्यास राग आला तरी) कार्यकारिणीसमोर दप्तराची मोजदाद करून उभयतांच्या सह्या घ्याव्यात.