मंदीच्या दिवसांत शेअर : घ्यावा, राखावा कीं विकावा?

शेअरबाजारांत भाव चढत असतात तेव्हां प्रत्येकाला आपण शहाणे आहों असें वाटतें. भाव कोसळूं लागले म्हणजे तेंच शहाणपण कोठें तरी दडी मारून बसतें. ज्या गृहस्थानें पगारांत काटकसर करून चार शेअर घेतले, त्याला अशा दिवसांत झोप येत नाहीं. आज विकावे तर निम्मी पुंजी जाते. न विकावे तर उरलेली निम्मीहि जाईल ही धास्ती. आणि शेजारी सांगतो कीं, खरेदीची वेळ हीच! या पेंचांतून वाट काढण्यास बाजाराचा इतिहास पुष्कळ उपयोगी पडतो.

मुंबईला हा धडा फार लवकर मिळाला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेल्या पैशाला वाट हवी होती. बँका व कंपन्या भराभर निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढूं पाहणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांपर्यंत चढला. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपत आलें, कापसाचे भाव उतरले, आणि १ जुलै रोजीं वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां पुष्कळांपाशीं द्यावयास पैसाच नव्हता. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाहि त्या भोंवऱ्यांत सांपडला. बॅकबेचा भाव निम्म्यावर आला म्हणून ज्यानें तो घेतला असेल, त्याला तो स्वस्त नव्हे, महागच पडला. कालच्या भावापेक्षां आजचा भाव कमी, एवढ्यानें वस्तु स्वस्त ठरत नाहीं. कंपनी कमावते किती, तिच्या डोक्यावर देणें किती आणि तिच्या मालाला उद्यां गिऱ्हाईक आहे कीं नाहीं, यांवरून ती स्वस्त कीं महाग तें ठरतें.

दुसरा प्रश्न तळाचा. भाव अगदीं तळाला लागले म्हणजे घेऊं, असें म्हणणाराला तळ कधींच दिसत नाहीं. न्यूयॉर्कचा डाऊ-जोन्स निर्देशांक १९२९ च्या सप्टेंबरांत ३८१ होता. त्या वर्षाच्या अखेरच्या घसरणीनंतर तो सांवरला आणि १९३० च्या वसंतांत बहुतेकांना संकट टळलेसें वाटलें. परंतु १९३२ च्या जुलैंत तो ४१ वर आला, आणि जुनी पातळी पुन्हां गांठण्यास १९५४ साल उजाडलें! याच्या उलट मुंबईचा सेन्सेक्स २००८ च्या जानेवारींत २१,००० च्या वर होता, तो ऑक्टोबरांत ८,००० च्या खालीं आला आणि २०१० च्या नोव्हेंबरांत पुन्हां २१,००० वर पोंचला. २०२० सालीं तर २३ मार्च रोजीं एका दिवसांत तो ३,९०० हून अधिक अंकांनीं कोसळला आणि नोव्हेंबरांत त्यानें पूर्वींचा उच्चांक ओलांडला. कोणती मंदी आठ महिन्यांची आणि कोणती पंचवीस वर्षांची, हें तिच्या आरंभीं कोणालाहि सांगतां येत नाहीं.

म्हणून सूज्ञ मनुष्य बाजाराचें भविष्य वर्तविण्याच्या भरीस न पडतां स्वतःच्या घराचा हिशेब मांडतो. मुलीच्या शिक्षणाला वा आजाऱ्याच्या औषधाला येत्या एकदोन वर्षांत लागणारा पैसा त्यानें मुळांतच बाजारांत ठेवूं नये. कर्ज काढून शेअर घेणाऱ्याच्या हातीं तर निर्णयच राहत नाहीं. भाव सांवरण्यापूर्वींच सावकार दाराशीं येतो. १८६५ सालीं मुंबईंत घरें बसलीं तीं नुसत्या मंदीनें नव्हत, तर ऐपतीबाहेरच्या वायद्यांनीं.

ज्याचा पैसा स्वतःचा आहे व ज्याला थांबणें परवडतें, त्यानें हप्त्याहप्त्यानें खरेदी करावी. हजार रुपयांना शंभरच्या भावानें १० शेअर येतात. भाव पन्नासावर आल्यावर त्याच हजारांत २० येतात. दोन्ही मिळून सरासरी भाव सुमारें ६७ पडतो, ७५ नव्हे. मात्र हा नियम सुदृढ कंपनीपुरताच. जिचा धंदाच खचला तिचे आणखी शेअर घेणें म्हणजे बुडत्या गलबतांत माल भरणें होय. निर्देशांक पुन्हां वर आला म्हणजे त्यांतील प्रत्येक कंपनी वर आली असें नव्हे. दुबळ्या कंपन्या त्यांतून गळतात आणि त्यांच्या जागीं नव्या येतात.

राखावा कीं विकावा, याची कसोटी साधी आहे. तो शेअर आज हातीं नसता आणि तेवढे रुपये हातीं असते, तर तोच शेअर आजच्या भावानें घेतला असता काय? उत्तर होय असेल, तर राखावा. नाहीं असेल, तर किती रुपयांना घेतला होता ही आठवण बाजूला ठेवून तो विकावा. कारण ती आठवण बाजाराला नसते.