परस्परांच्या साह्याने उजळणी



वार्षिक परीक्षा आठ-दहा दिवसांवर आली की सातवी-आठवीच्या मुलांत एक हालचाल आपोआप सुरू होते. शाळेच्या ओट्यावर, देवळाच्या सभामंडपात, एखाद्याच्या पडवीत दोघे-चौघे एकत्र बसतात. एकाच्या हाती पुस्तक असते. तो प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो. विज्ञानातील रसायनाचे पाठ आले म्हणजे ही बैठक विशेष रंगते. कारण आम्ल, आम्लारी, क्षार ही नावे एकट्याने घोकण्यास मन घेत नाही. शिक्षकाने या बैठकीकडे नुसत्या कौतुकाने पाहून भागणार नाही. तिला योग्य वळण लावणे हे त्याचेच काम आहे.

मुलांनी मुलांस शिकविण्याची रीत या देशास नवी नाही. १७८९ मध्ये मद्रास येथील मुलांच्या अनाथालयाची देखरेख पत्करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरविताना पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची व्यवस्था केली. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुढे इंग्लंडमध्ये ही पद्धत पुष्कळ शाळांनी उचलली. परंतु तिच्यात पाठांतरावरच भर राहिला. शिकविणाऱ्या मुलास जेवढे ठाऊक, तेवढेच पुढे जाई. या पद्धतीतील गुण घ्यावयाचा तर हा दोष टाळला पाहिजे.

गुण कोणता, हे अलीकडच्या प्रयोगांनीही दाखविले आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. सोबत्याने प्रश्न विचारला म्हणजे पुस्तक मिटून आठवावेच लागते, आणि समजावून सांगणाऱ्यास स्वतःच्या ज्ञानातील भोके दिसतात. म्हणून हुशार मुलाचा वेळ यात फुकट जातो, अशी पालकांची तक्रार आल्यास ती निराधार आहे, हे त्यांस शांतपणे पटवून द्यावे.

आता दोषाकडे वळू. हळदीच्या कागदाचा प्रयोग घ्या. साबणाच्या पाण्याने हा कागद तांबूस होतो, लिंबाच्या रसाने पिवळाच राहतो. यावरून एखादा मुलगा सोबत्यास ठासून सांगतो, “कागद पिवळा राहिला, म्हणजे ते आम्ल.” सोबती ते तिसऱ्यास सांगतो आणि परीक्षेत पाच जणांच्या वह्यांत एकच चूक निघते. वस्तुतः मिठाच्या पाण्यातही कागद पिवळाच राहतो, आणि मिठाचे पाणी तर उदासीन आहे. हळद आम्लारी ओळखते. आम्ल आणि उदासीन यांतला भेद तिला सांगता येत नाही.

अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगून मोकळे होऊ नये. मिठाचे पाणी पुढे ठेवावे आणि कागद बुडवून पाहावयास सांगावे. नंतर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून केलेला अर्क द्यावा. तो लिंबाच्या रसाने गडद गुलाबी होतो, साबणाच्या पाण्याने हिरवट होतो, मिठाच्या पाण्यात फारसा बदलत नाही. रसायनशास्त्राचे हेच भाग्य आहे की दोन मुलांच्या वादात निवाडा देण्यास पदार्थ स्वतःच साक्षीस उभा राहतो.

व्यवस्था साधी असावी. जोड्या शिक्षकाने लावाव्यात आणि दर दोन दिवसांनी बदलाव्यात. प्रश्न विचारण्याची व उत्तर देण्याची पाळी दोघांसही यावी; कच्च्या मुलाने नेहमी ऐकणाराच राहू नये. प्रत्येक उत्तरामागे “कशावरून?” हा प्रश्न यावा. ज्यावर दोघांचे एकमत होत नाही, तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा. शिक्षकाने अखेरीस तेवढेच प्रश्न घ्यावेत.

आणि ही उजळणी शाळेच्या वेळातच, शेवटच्या तासाला व्हावी. संध्याकाळच्या बैठकीस पाणी भरणारी, धाकट्या भावंडास सांभाळणारी मुलगी येऊ शकत नाही. गुरांमागे गेलेला मुलगाही येऊ शकत नाही. भर वर्गात उभे राहून गुरुजींस किंवा बाईंस शंका विचारण्याचा धीर बहुधा याच मुलांस होत नाही. शेजारी बसलेल्या सोबत्यास मात्र ती हळूच विचारतात. तो सोबती त्यांस शाळेतच मिळवून देणे शिक्षकाच्या हाती आहे.