मोठ्या फोटोसाठी कॅमेरा घेताना



गटाच्या पैशातून कॅमेरा घ्यायला गेलं, की दुकानदार आधी मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. आपण त्याला आधी सांगायचं, की आम्हाला फोटो केवढा छापायचा आहे.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके असतात. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० ठिपके लागतात. ६००० भागिले ३००, म्हणजे २० इंच लांबीचा फोटो स्वच्छ येतो. प्रदर्शनात भिंतीवर लावून चार-पाच फुटांवरून बघायचा असेल, तर इंचाला १५० ठिपके पुरतात. मग तोच फोटो ४० इंचांचा होतो. गटाच्या स्टॉलला एवढा पुष्कळ झाला. त्याहून जास्त मेगापिक्सेलसाठी पैसे कशाला घालायचे?

पैसे घालायचे ते सेन्सरवर. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली, प्रकाश टिपणारी चकती. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? तसंच हे. मोबाईलचा सेन्सर नखाएवढा असतो. संक्रांतीच्या गड्ड्यात दिवेलागणीनंतर किंवा पंढरपूरच्या वाळवंटात पहाटे फोटो काढला, तर तो मोबाईलवर बरा दिसतो, पण मोठा छापला की रवाळ होतो. 'एपीएस-सी' नावाचा सेन्सर साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा असतो. आपल्या कामाला तो पुरतो.

होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्यांच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यात ६ सेंटिमीटर चौरस फिल्म असायची. फिल्म मोठी, म्हणून फोटोही मोठा करता यायचा. हिशोब तेव्हाही हाच होता.

रस्त्यावर फिरायचं, तर कॅमेरा हलका हवा आणि आवाज न करणारा हवा. लेन्सवरचा 'एफ' आकडा २ च्या आसपास असेल, तर कमी उजेडातही काम होतं. चालती दिंडी टिपताना शटर सेकंदाच्या २५० व्या भागावर ठेवा, म्हणजे पावलं पुसट होणार नाहीत.

पैसे देण्याआधी आपलं कार्ड त्या कॅमेऱ्यात घाला आणि दुकानाच्या सावलीत एक फोटो काढा. तो जेवढा मोठा करायचा, त्या मापात त्याचा वहीच्या पानाएवढा तुकडा छापून बघा. फोटो छापायला देताना कार्डावरचाच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला, की त्यातले ठिपके कमी होतात.

आणखी एक. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा फोटो काढला, तर तो तीन फुटांचा होऊन चारचौघांत लागणार आहे, हे तिला आधी सांगा. ती नको म्हणाली, तर तिच्यासमोरच पुसून टाका. हो म्हणाली, तर एक प्रत तिच्या हातात पोचवा. गटाचा कॅमेरा गावात फिरणार तो लोकांच्या भरवशावर.