घोड्यांचे वाळले गवत : गठ्ठा मोठा की लहान?

माथेरानमध्ये खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव आहे. त्यामुळे तेथे घोडा हा अनेक कुटुंबांच्या चरितार्थाचा आधार ठरला आहे. अशा घोड्यासाठी वाळले गवत मोठ्या गठ्ठ्यांत घ्यावे की लहान, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु जनावराचे आरोग्य व मालकाचा पैसा, दोन्ही त्याच्याशी निगडित आहेत.

यंत्राने बांधलेला लहान चौकोनी गठ्ठा साधारणपणे १५ ते २५ किलोंचा असतो व तो एका माणसास उचलता येतो. मोठा गोल गठ्ठा २५० ते ४०० किलोंचा भरतो. तो हलविण्यास ट्रॅक्टर लागतो. मोठ्या गठ्ठ्यात मजुरी वाचत असल्याने किलोमागे तो बहुधा स्वस्त पडतो. मात्र खरा हिशेब गठ्ठा उघडल्यानंतर सुरू होतो.

घोड्यास दररोज त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडा चारा लागतो. म्हणजे ३०० किलोंच्या तट्टास सुमारे ६ किलो. दोन तट्टे बाळगणाऱ्यास ३०० किलोंचा गठ्ठा २५ दिवस पुरेल, तर २० किलोंचा दोन दिवसांत संपेल. सह्याद्रीच्या पावसाळी हवेत २५ दिवस उघडे राहिलेले गवत ओल धरते व त्यास बुरशी लागते. घोड्याला ओकारी काढता येत नाही. बुरशीच्या चाऱ्याने त्यास पोटशूळ होऊन प्राणावर बेतू शकते; तिच्या धुळीने श्वसनाचा विकारही जडतो. गुरांना चालून जाणारा चारा घोड्यास चालेलच असे नाही.

याउलट, वीस तट्टांच्या तबेल्यात तोच मोठा गठ्ठा अडीच दिवसांत संपतो. ट्रॅक्टरची वाट व कोरडी कोठी असल्यास तेथे तो घेणे किफायतशीर ठरते. मात्र मोठ्या गठ्ठ्यातील उष्णता बाहेर पडत नाही. गवत ओलसर असतानाच बांधले गेले, तर ते आतून तापते व प्रसंगी पेटही घेते. म्हणून खरेदीपूर्वी गठ्ठ्यात हात खोल घालून ऊब व वास पारखावा. साठवण फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून करावी. गवत घालताना बांधणीची दोरी प्रथम काढून टाकावी.

सारांश, चाऱ्याची खरेदी करताना वा इतरांस सल्ला देताना केवळ दर न विचारता, उघडलेला गठ्ठा किती दिवसांत संपेल, हे आधी विचारावे. फेकून दिलेले गवत कधीच स्वस्त नसते.