इंग्रजी शब्द पाठ करण्याविषयी



परदेशी विद्यापीठांत जाऊ इच्छिणारी आपली मुले-मुली जीआरई परीक्षेची तयारी करू लागली, की त्यांच्या हाती इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी येते. शब्दापुढे एकच मराठी अर्थ. सकाळी पाठ, संध्याकाळी विसर. या श्रमांबद्दल मला आदर आहे, परंतु हा मार्ग जुन्या परीक्षेचा होय. विरुद्धार्थी शब्द विचारण्याची पद्धत २०११ सालीच काढून टाकण्यात आली. आता उतारे असतात आणि वाक्यांतील रिकाम्या जागा भरावयाच्या असतात. शब्द कोणत्या संगतीत बसतो, हे ज्यास कळते त्यालाच गुण मिळतात.

'सँक्शन' हा शब्द घ्या. कर्ज 'सँक्शन' झाले म्हणजे मंजूर झाले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु एका राष्ट्राने दुसऱ्यावर 'सँक्शन्स' लादली म्हणजे निर्बंध लादले! वहीत केवळ 'मंजुरी' लिहिणारा येथे फसतो. आपल्या 'शिक्षा' शब्दाचे तरी काय? मराठीत तो दंड, हिंदीत तेच शिक्षण.

तेव्हा शब्दांची कुळे ओळखावीत. (कुळ विचारण्याची एवढी एकच जागा मला मान्य आहे.) सुगंध-दुर्गंध यांत 'सु' व 'दुर्' जे कार्य करतात, तेच लॅटिनमधून आलेले 'बेने' व 'मॅल' करतात. बेनेव्होलंट म्हणजे हित इच्छिणारा, मॅलेव्होलंट म्हणजे अहित इच्छिणारा. तथापि कुळावर आंधळा विश्वास नको. 'नॉइसम' या शब्दाचा गोंगाटाशी काडीचाही संबंध नाही. त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त, अपायकारक.

दररोज दहा शब्द पुरेत. प्रत्येकाचे वाक्य स्वतः रचून लिहावे, आणि तेच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा पाहावेत. घरी इंग्रजी जाणणारे कोणी नसले तरी अडत नाही. आईने वहीतील मराठी अर्थ वाचावा, मुलीने इंग्रजी शब्द व वाक्य सांगावे.

काही प्रश्नांत सहा पर्यायांतून दोन निवडावयाचे असतात; एकच बरोबर आला तर गुण मिळत नाही. मात्र चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, म्हणून कोणताही प्रश्न सोडू नये.

आणि पालकांनो, शिकवणीचे पैसे भरण्यापूर्वी इच्छित विद्यापीठ ही परीक्षा मागते काय, हे पाहा. अनेकांनी तिची सक्ती काढली आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या 'पॉवरप्रेप' नावाच्या दोन सराव परीक्षा विनामूल्य मिळतात. त्यांतील एक मुलास देऊ द्या. दागिना गहाण ठेवावयाचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.