टीव्ही घेताना हिशेब मांडा

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण हिशेब कळतो. टीव्ही घेताना तो कसा मांडावा, एवढेच आज सांगतो.

दुकानात आपण किंमत आणि पडदा पाहतो. विजेचे बिल तिथे दिसत नाही. ते पुढे कित्येक वर्षे घरी येत राहते. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. समजा, एक संच ६० वॉटचा आणि दुसरा १२० वॉटचा आहे. रोज पाच तास चालवले तर वर्षाला पहिला सुमारे ११० युनिट घेईल, दुसरा २१९. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचा फरक सुमारे १,१०० रुपये आणि आठ वर्षांचा ८,८०० च्या घरात. मुलांच्या पुस्तकांना हा पैसा थोडा नाही.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकित लेबल पाहाच. पण नुसते तारे मोजू नका. तारे पडद्याच्या आकाराच्या मानाने दिलेले असतात. म्हणून पाच ताऱ्यांचा मोठा संच तीन ताऱ्यांच्या लहान संचाहून जास्त वीज घेऊ शकतो. लेबलावरचा वार्षिक युनिटांचा आकडा वाचा, तोच खरा.

आता 'स्मार्ट' सोयींविषयी. पडदा दीर्घकाळ टिकतो, पण आतली अ‍ॅप्स त्याआधीच जुनी होतात. कंपनी काही वर्षांनी सुधारणा पाठवणे थांबवते. तेव्हा एचडीएमआय जोडणीत छोटे उपकरण लावून काम भागते. मग केवळ या सोयींसाठी हजारो रुपये जादा का मोजावेत? शिवाय असा टीव्ही आपल्यालाही पाहत असतो. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीवर १ कोटी १० लाख संचांतून प्रेक्षक काय पाहतात याची माहिती संमतीविना गोळा केल्याचा आरोप झाला. २०१७ साली तिने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. म्हणून संच सुरू करताना प्रत्येक अटीला डोळे झाकून 'होय' म्हणू नका.

घरी आणल्यावर पडद्याची चमक बेताची ठेवा. 'झटपट सुरू' ही सोय बंद करा, कारण तिच्यामुळे बंद दिसणारा टीव्हीही वीज घेत राहतो. रात्री भिंतीवरचे बटण बंद करा.

विद्यार्थी मित्रहो, हप्ता सोपा आहे म्हणून वस्तू स्वस्त होत नाही. घरात टीव्ही घ्यायचे ठरेल तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन वडीलधाऱ्यांशेजारी बसा आणि हा हिशेब तुम्हीच करून दाखवा. शिक्षणाचा उपयोग तिथेच दिसतो.