पत्र उघडणें आणि पत्र वाचणें



आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनीं व्यापाऱ्यांचा वाटेल. परंतु ज्याच्या हातांत मोबाइल आहे आणि ज्याला ई-मेलनें पत्रें येतात अशा प्रत्येकाशीं त्याचा संबंध आहे. दुकानदार, प्रकाशक, बँका, शिक्षणसंस्था आणि प्रवासी कंपन्या आपल्या वर्गणीदारांना एकाच वेळीं हजारों पत्रें पाठवितात. पत्रें सुटलीं कीं पाठविणाऱ्याच्या पडद्यावर नकाशा उघडतो आणि त्यावर ठिपके उजळूं लागतात. एक पुण्यास, दोन मुंबईस, एक नागपुरास. प्रत्येक ठिपक्याचा अर्थ असा कीं, ह्या क्षणीं तेथें कोणीं तरी पत्र उघडलें. शेजारीं एक रेघ वर वर चढत असते. हें चित्र काय सांगतें, काय सांगत नाहीं, आणि तें पाहण्याचा पाठविणाऱ्यास अधिकार किती, ह्या तीन प्रश्नांचा विचार आज आपण करूं.

आपलें म्हणणें लोकांपर्यंत पोहोंचलें कीं नाहीं हें जाणण्याची इच्छा कांहीं नवीन नव्हे. आपल्याच जिल्ह्याचें उदाहरण घ्या. १८४२ सालीं अमेरिकन मिशननें अहमदनगरास 'ज्ञानोदय' हें पत्र सुरू केलें. १९१० सालीं मुकुंदराव पाटील यांनीं 'दीनमित्र' हें सत्यशोधक विचारांचें साप्ताहिक काढलें आणि पुढें नेवासें तालुक्यांतील तरवडी ह्या खेड्यांतून तें १९६७ पर्यंत चालविलें. शहरापासून दूर राहून पत्र चालविणाऱ्यास वर्गणीदार हाच आधार. त्या काळीं संपादकाला वाचकांचें मन टपालाच्या थैलींतून कळे. मनिऑर्डर आली म्हणजे वाचक संतुष्ट. व्ही. पी. न स्वीकारतां परत आली म्हणजे तो रुष्ट किंवा त्याचा हात आंखडलेला. १८७९ सालीं आपल्या देशांत पाव आण्याचें कार्ड सुरू झालें, तेव्हांपासून स्तुति आणि निंदा दोन्ही स्वस्त झाल्या! हा प्रतिसाद उशिरा येई, थोडा येई. परंतु जो येई त्याच्यामागें एक माणूस असे. त्यानें विचार करून पैसे मोजलेले असत किंवा लेखणी उचललेली असे.

ई-मेलची गोष्ट निराळी आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर असें पत्र पाठविण्याची युक्ति अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ सालीं साधली. त्यानंतर सात वर्षांनीं, मे १९७८ मध्यें, गॅरी थ्युर्क नांवाच्या विक्रेत्यानें आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारें चारशें जणांस एकदम पाठविली. अनेक जण संतापले, परंतु बाजाराला वाट सांपडली. आज हा मोठा व्यवसाय आहे. अमेरिकेंतील मेलचिंप आणि आपल्या मुंबईंतील, राजेश जैन यांनीं स्थापिलेली नेटकोअर, अशा कंपन्या दुसऱ्यांचीं पत्रें पाठवून त्यांचा हिशेब ठेवण्याचें काम करतात.

आतां पत्र उघडल्याचें पाठविणाऱ्यास कळतें कसें तें पाहूं. टपालवाला पाकीट देऊन गेला म्हणजे तें केव्हां फोडलें हें त्याला कळत नाहीं. ई-मेलमध्यें मात्र एक चित्र दडविलेलें असतें. तें एकाच पिक्सेलचें, म्हणजे पडद्यावरच्या सर्वांत लहान ठिपक्याएवढें, आणि पारदर्शक असतें. डोळ्यांस दिसत नाहीं. हें चित्र पत्राबरोबर येत नाहीं. पत्रांत असतो तो त्याचा केवळ पत्ता, आणि प्रत्येक वर्गणीदारासाठीं तो पत्ता वेगळा असतो. आपण पत्र उघडलें कीं आपला मोबाइल तें चित्र पाठविणाऱ्याच्या सर्व्हरकडे मागतो. सर्व्हर चित्र देतो आणि वहींत टिपून ठेवतो कीं अमुक क्रमांकाचें पत्र अमुक वेळीं उघडलें, अमुक जातीच्या यंत्रावर उघडलें. मागणी ज्या इंटरनेट-पत्त्यावरून आली त्यावरून गांवाचा अंदाज बांधला जातो. पत्रांतील दुव्यांचेंहि तसेंच आहे. 'येथें दाबा' म्हटलेल्या ठिकाणीं आपण बोट ठेवलें कीं आधीं पाठविणाऱ्याच्या दारावरून जावें लागतें, आणि तेथें नोंद होऊन मगच आपण दुकानांत शिरतों. पत्ता चुकीचा असेल तर पलीकडचा सर्व्हर ५५० सारखा सांकेतिक अंक देऊन पत्र परतवितो. ही आजची 'परत आलेली व्ही. पी.' होय. ह्या साऱ्या नोंदी सतत उघड्या ठेवलेल्या वाटेनें पडद्याकडे धांवतात, आणि चित्र क्षणोक्षणीं बदलतें.

आंकड्यांचें चित्र काढण्याची विद्या मोठी उपकारक आहे. १७८६ सालीं विल्यम प्लेफेअर यांनीं इंग्लंडचा व्यापार रेघांच्या आलेखांनीं दाखविला, तेव्हां कोष्टकांत दडलेली चढउतार सामान्य वाचकालाहि दिसूं लागली. १८५४ सालीं लंडनमध्यें डॉक्टर जॉन स्नो यांनीं पटकीनें दगावलेल्यांच्या खुणा नकाशावर मांडल्या, आणि त्या एका पंपाभोंवतीं दाटलेल्या दिसल्या. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. स्नो यांची प्रत्येक खूण म्हणजे एक खरा मृत्यु होता, आणि ते नकाशा काढून थांबले नाहींत. कोणतें कुटुंब कोठलें पाणी पितें ह्याची त्यांनीं घरोघर चौकशी केली. आपल्या पडद्यावरचा ठिपका तितका खरा आहे काय?

तो तितका खरा नाहीं, आणि ह्याचीं कारणें यंत्राच्या पोटांतच आहेत. २०१३ सालच्या अखेरीस गूगलच्या जीमेलनें पत्रांतील चित्रें आपल्याच सर्व्हरमार्फत आणण्याची पद्धत सुरू केली. तेव्हांपासून तिच्या वाचकांचा ठावठिकाणा झांकला गेला. २०२१ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या ग्राहकांस एक संरक्षण देऊं केलें. जो तें स्वीकारतो त्याच्या पत्रांतील चित्रें वाचकानें पत्र उघडण्यापूर्वींच ॲपलचें यंत्र परस्पर मागवून घेतें. म्हणजे पत्र न उघडतां ठिपका उजळतो! उलट, कोणी आपल्या मोबाइलवर चित्रें बंद ठेवून पत्र दोनदां वाचलें, तरी त्याचा ठिपका उजळत नाहीं. कित्येक कचेऱ्यांत येणाऱ्या पत्रांची सुरक्षिततेसाठीं तपासणी करणारें यंत्र असतें; तें प्रत्येक दुवा स्वतःच उघडून पाहतें, आणि पाठविणाऱ्यास वाटतें कीं गिऱ्हाईक आलें. शिवाय मोबाइलचें जाळें पुष्कळदां मोठ्या शहरांतील केंद्रांतून जातें, त्यामुळें शेवगांवांत बसलेल्या माणसाचा ठिपका मुंबईंत उमटूं शकतो.

मी आयुष्यभर वर्गांत उभा राहिलों. फळ्याकडे वळलेले चाळीस चेहरे दिसले म्हणजे चाळीस मुलांना गणित समजलें असें कोणीहि शिक्षक मानीत नाहीं. समजलें कीं नाहीं तें पाटीवर कळतें. पत्राचेंहि तसेंच. उघडणें हें मान वळविणें आहे, दुवा दाबणें हें हात वर करणें आहे, आणि मागणी नोंदविणें किंवा उत्तर लिहिणें हीच काय ती पाटी.

एक हिशेब करून पाहूं. समजा, हजार वर्गणीदारांना पत्र पाठविलें. चाळीस परत आलीं, राहिलीं ९६०. संध्याकाळपर्यंत २४० ठिपके उजळले, म्हणजे शेंकडा २५. चोवीस जणांनीं दुवा दाबला आणि सहा जणांनीं माल मागविला. उघडणाऱ्यांपैकीं दुवा दाबणारे शेंकडा १० झाले. आतां असें कळलें कीं त्या २४० पैकीं शंभर ठिपके यंत्रांनींच उजळविले होते. मग खरे उघडणारे १४०, म्हणजे शेंकडा सुमारें १५, आणि त्यांत दुवा दाबणारे शेंकडा सुमारें १७. पाहा, एक प्रमाण घसरलें आणि दुसरें चढलें! पत्र तेंच, माणसें तींच. सहा जणांनीं माल मागविला, हा आंकडा मात्र बदलला नाहीं. म्हणून ठिपके मोजतांना छेद कोणता, म्हणजे कशापैकीं किती, हें आधीं विचारावें.

ह्या चुकीचा भार कोणावर पडतो? मोठ्या कंपनीचें एक पत्र वायां गेलें तर तिचें कांहीं बिघडत नाहीं. लहानांचें तसें नाहीं. अकोलें तालुक्यांतील एका महिला बचत गटाच्या विक्रीच्या कामीं माझा एक जुना विद्यार्थी साह्य करतो. गट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांस काळभात पुरवितो. एके दिवशीं सकाळीं दहाला पत्रें सुटलीं. मी तेथें बसलों होतों. दुपारपर्यंत ठिपके विरळच होते. विद्यार्थ्याचा धीर सुटला, तो म्हणाला, "गुरुजी, भाव उतरवून दुसरें पत्र आजच धाडावें." गटांतील एक वृद्ध बाई तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर करून विचारलें, "आरं पोरा, दिवा लागला म्हंजे घरांत मान्सं जेवत्यात, आन् नाय लागला म्हंजे उपाशी, असं असतं व्हय? ज्यांनी मागल्या साली तांदूळ नेला, त्यांतलं किती जण बोललं ते सांग." ह्या प्रश्नाचें उत्तर पडद्यावर नव्हतें. पत्र थांबविलें. रविवारीं, सुटीच्या दिवशीं, जुन्या ग्राहकांनीं दूरध्वनीवरून मागणी नोंदविली. त्या दूरध्वनींचा एकहि ठिपका नकाशावर उमटला नाहीं. त्या दिवशीं भाव उतरविला असता तर तो ग्राहकांच्या नाखुषीमुळें नव्हे, पाठविणाऱ्याच्या उतावीळपणामुळें उतरला असता. आणि तेवढी मजुरी त्या बायांच्या पदरांतून गेली असती.

क्षणोक्षणीं हलणाऱ्या चित्राचा हाच धोका आहे. स्थिर कोष्टक माणसाला विचार करावयास लावतें. हलतें चित्र हात शिवशिववितें. त्याचा उपयोग नाहीं असें मात्र मी म्हणत नाहीं. पत्रांतील दुवा मोडका असेल तर पहिल्या घटकेंतच कळतें. एकाच कंपनीच्या पेट्यांतून सारीं पत्रें परत येऊं लागलीं तर पुढचीं पत्रें वेळींच थांबवितां येतात. तक्रारी वाढल्या तर चूक हेरतां येते. आग लागल्याचें सांगणारी घंटा म्हणून हें चित्र उत्तम. परंतु पीक किती आलें हें सांगणारा तराजू म्हणून तें खोटें. त्यासाठीं निदान आठवडाभर थांबावें, आणि मागच्या पत्राशीं, त्याच वर्गणीदारांशीं, तुलना करावी.

आतां शेवटचा प्रश्न : अधिकाराचा. आपण पत्र केव्हां उघडलें, किती वेळां उघडलें, कोठल्या गांवीं उघडलें, हें दुसऱ्यानें न सांगतां टिपून ठेवावें काय? कोणी आपल्या खिडकीशीं उभा राहून आपण त्याचें पत्र वाचतों कीं नाहीं हें पाहूं लागला तर आपण त्यास हांकलून देऊं. यंत्र अदृश्य आहे म्हणून तें कृत्य सभ्य ठरत नाहीं. आपल्या संसदेनें २०२३ सालीं व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. संमति जितक्या सहजपणें दिली तितक्याच सहजपणें ती परत घेतां आली पाहिजे, हें त्यांतील एक तत्त्व आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनेंहि असा दंडक घातला कीं, दिवसाला पांच हजारांहून अधिक पत्रें तिच्या ग्राहकांस पाठविणाऱ्यानें जाहिरात-पत्रांत एका दाबासरशीं वर्गणी बंद करण्याची सोय द्यावी.

म्हणून पत्र पाठविणाऱ्या लहान-मोठ्या सर्वांना माझें सांगणें असें. ज्यानें स्वतः नांव दिलें त्यालाच पत्र धाडावें. आपण काय टिपतों हें त्यास साध्या मराठींत सांगावें. जो वर्गणी बंद करील त्यास न चिडतां निरोप द्यावा. तो आपणांस खरें उत्तर देऊन गेला असें समजावें. आणि पत्राच्या शेवटीं एक ओळ अशी लिहावी कीं जिला उत्तर द्यावेंसें वाटेल. वर्गणीदारांनींहि एक करावें. पत्रांतील चित्रें आपोआप न उघडण्याची सोय बहुतेक ठिकाणीं असते, ती वापरावी. आणि एखादें पत्र मनापासून आवडलें तर दोन ओळींचें उत्तर लिहावें. कित्येक ठिपक्यांनीं जें कळत नाहीं तें त्या दोन ओळींनीं कळेल.

तरवडीसारख्या खेड्यांतून पत्र चालविणाऱ्या संपादकाजवळ नकाशा नव्हता. वर्गणीदारांची वही होती. तिच्यांतील प्रत्येक नांवामागें एक माणूस आहे हें तो विसरूं शकत नव्हता. आज वही यंत्राकडे गेली आहे. माणूस विसरूं नये, एवढेंच आपल्या हातीं आहे.